गालिच्याची उलटी बाजू

सुंदर वस्तूचा उपभोग घेताना ती कोणी व कोणत्या स्थितीत निर्माण केली, हे विचारणे रसिकाचे कर्तव्य आहे काय? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचे टाळणेही तितकेच जुने आहे. देवळाचे शिखर, पैठणीचा पदर, हस्तिदंती पेटी, यांपैकी कशाच्याही संबंधाने तो विचारता येईल. परंतु आम्ही तो इराणी गालिच्याच्या संबंधाने विचारण्याचे योजिले आहे. कारण या एका वस्तूत सौंदर्य आणि श्रम ही एकमेकांत इतकी विणली गेली आहेत की एक उसवू लागताच दुसरेही सुटू लागते. या बाबतीत भाषेचीही साक्ष आहे. 'गालिचा' हा शब्द आम्हांस फारसीने दिला. 'नक्षी', 'कारागीर' व 'कारखाना' हे शब्द फारसीच्याच वाटेने मराठीत आले, आणि 'मजूर' व 'मजुरी' हेही त्याच वाटेने आले. ज्या भाषेने आमच्या दिवाणखान्यातील शोभेस नाव दिले, तिनेच त्या शोभेपायी झिजणाऱ्या माणसासही नाव दिले. पहिले नाव आम्ही मोठ्या हौसेने उच्चारतो. दुसऱ्याची आठवण त्या वेळी क्वचितच होते.

गालिचा म्हणजे केवळ रंगीत कापड नव्हे, हे प्रथम ध्यानात आणले पाहिजे. कापडावर चित्र छापता येते, भरतकामात ते वरून काढता येते. गालिच्यात मात्र चित्र आणि वस्तू ही एकाच वेळी जन्मास येतात. मागावर सुताचा, लोकरीचा किंवा रेशमाचा ताणा ताणून बांधलेला असतो. विणकर शेजारच्या दोन धाग्यांभोवती रंगीत लोकर गुंडाळून तिची गाठ घालतो व उरलेला शेव सुरीने कापतो. लगेच पुढच्या दोन धाग्यांवर दुसरी गाठ. एक ओळ पुरी झाली म्हणजे बाणा फिरवून जड फणीने ती ठोकून बसवितात, वर आलेली लव कातरून सारखी करितात, आणि पुन्हा पहिल्या धाग्यापासून आरंभ होतो. गाठीचे मुख्य प्रकार दोन. तुर्की गाठीत लोकरीचा वेढा दोन्ही धाग्यांस पुरा बसतो. फारसी गाठीत तो एकासच पुरा बसतो, व त्यामुळे बारीक वळणाची नक्षी अधिक सुबक उतरते. कुशल विणकर दिवसाकाठी सुमारे 8 ते 10 हजार गाठी घालतो, असे सामान्यतः धरितात.

या हिशेबाचा अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. लंडन येथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा सुप्रसिद्ध गालिचा आहे. वायव्य इराणातील अर्दबील गावी सफवी राजघराण्याचे मूळपुरुष शेख सफीउद्दीन यांचा दर्गा आहे. त्या दर्ग्यातून तो बाहेर आला. त्याची लांबी सुमारे 10.5 मीटर व रुंदी सुमारे 5.3 मीटर आहे. ताणाबाणा रेशमाचा, लव लोकरीची, आणि दर चौरस इंचात सुमारे 340 गाठी. सबंध गालिच्यात मिळून अडीच ते तीन कोटी गाठी भरतात. एकाच माणसाने रोज 10 हजार या वेगाने त्या घालावयाच्या म्हटल्या, तर त्याच्या आयुष्याची आठ-दहा वर्षे त्यात जातील. हे काम अर्थातच एकट्याचे नव्हे. अनेक विणकर मागापुढे ओळीने बसून ते करीत. निळ्या जमिनीवर वेलींचे जाळे, मध्यभागी मोठे पिवळे पदक, त्याभोवती 16 लहान लंबगोल आकृती आणि दोन टांगलेले दिवे अशी त्याची रचना आहे. एका टोकास चौकटीत हाफिजच्या कवितेच्या ओळी विणलेल्या असून त्यांखाली हिजरी 946, म्हणजे इ. स. 1539-40, हे वर्ष आणि स्वतःस उंबरठ्याचा दास म्हणविणाऱ्या मकसूद काशानी याचे नाव आहे. परंतु हा मकसूद गाठी घालणारा विणकर नसावा, काम करवून घेणारा दरबारी अधिकारी असावा, असे जाणत्यांचे मत आहे. तेव्हा तीन कोटी गाठींच्या त्या ग्रंथावर नाव आले ते लेखकांचे नव्हे, व्यवस्थापकाचे आले.

कोणी म्हणेल की, यात विणकरावर अन्याय तो कोणता? नक्षी त्याची स्वतःची नव्हतीच. परंपरेने आलेले फूल त्याने परंपरेने आलेल्या जागी बसविले. यात निर्माता म्हणून त्याचे नाव कशास हवे? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. इराणी गालिच्यावरील आकृती एका माणसाने कल्पिलेल्या नाहीत, हे खरेच आहे. सैबेरियातील अल्ताई पर्वतात पझिरिक येथे 1949 साली एका थडग्यात, बर्फामुळे टिकून राहिलेला, सुमारे 2,400 वर्षांपूर्वीचा गाठींचा गालिचा सापडला. त्यावर चौकोनांत बसविलेली फुले, काळविटांसारखी चरणारी हरणे आणि घोडेस्वार इतक्या सफाईने विणले आहेत की ही कला त्या काळीही नवी नसावी. पुढील शतकांत तीत नाना देशांची भर पडली. गालिच्यावरील वळणदार मेघपट्टी चीनमधून आली. हेरात शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'हेराती' नक्षीत मध्ये फूल, त्याभोवती शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आणि चौकटीबाहेर चार वाकडी पाने असतात. त्या पानांस मासे समजून इराणी लोक तीस 'माही' म्हणतात. मोठ्या कमळासारख्या फुलास शाह अब्बास या बादशहाचे नाव मिळाले. आणि जी 'बोते' नावाची वाकलेल्या शेंड्याची आकृती आहे, तीस आम्ही मराठी माणसे कोयरी म्हणून लुगड्याच्या काठावरून ओळखतो. काश्मिरी शालींच्या द्वारे ती युरोपात गेली व स्कॉटलंडातील पेझली गावाचे नाव घेऊन बसली. एकाच आकृतीत कोणी सरूचे झाड पाहिले, कोणी ज्योत, कोणी आंबा. अशा आकृतीवर कोणा एकाची मालकी सांगता येणार नाही.

पण एवढ्यावरून विणकर केवळ नक्कल करणारा ठरत नाही. फार्स प्रांतातील कश्काई वगैरे भटक्या टोळ्यांतील स्त्रिया समोर कागद न ठेवता विणतात. आईच्या शेजारी बसून पाहिलेली फुले-पाखरे त्यांच्या बोटांत राहिलेली असतात. जागा उरली तर त्या एखादा पक्षी अधिक घालतात, लोकर संपली तर दुसऱ्या छटेची घेतात, आणि जमिनीच्या रंगात जो आडवा पट्टा उमटतो त्याने गालिचा बिघडत नाही, उलट जिवंत दिसतो. शहरातील कारखान्यांची रीत निराळी. तेथे नक्काश चौकटीच्या कागदावर नक्षी रेखतो, एका घरास एक गाठ. आणि पुष्कळ ठिकाणी एक जण रंगांची गणना सुरावर म्हणत जातो व बाकीचे त्याप्रमाणे गाठी घालतात. येथे स्वातंत्र्य कमी, हे उघड आहे. तथापि कागदावरचे फूल आणि लोकरीतले फूल यांत जे अंतर असते ते हातानेच काढावयाचे असते. फणीचा ठोका किती जड, धाग्याचा ताण किती, कातर कोठवर, यांवर सारे रूप अवलंबून असते. गवयाने जुनीच चीज म्हटली म्हणून आम्ही त्यास नकलाकार म्हणत नाही. परंपरा शब्द देते; गळा ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो. फार्स आणि काशान येथील विणकामाच्या पारंपरिक विद्या युनेस्कोने 2010 साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातल्या, त्या संग्रहालयातील वस्तू म्हणून घातल्या नाहीत, माणसांच्या हातांत वसणारे ज्ञान म्हणून घातल्या, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता या कलेच्या एका विशेषाकडे वळू. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथेच सापडते असे वाटते. गालिच्यात लबाडी करणे अगदी सोपे आहे. दोन धाग्यांवर घालावयाची गाठ चार धाग्यांवर घातली की निम्मी लोकर व निम्मा वेळ वाचतो. हिला 'जुफ्ती' गाठ म्हणतात. नवा गालिचा वरून पाहिला तर ही चोरी सहसा ओळखू येत नाही. काही वर्षे पावलांखाली गेली म्हणजे लव विरळ होते आणि मग ती उघडी पडते. रंगांचीही तीच कथा. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून लाल, निळीपासून निळा, डाळिंबाच्या सालीपासून पिवळा, अक्रोडाच्या टरफलांपासून तपकिरी, हे रंग काढण्यास वेळ लागतो आणि हातखंडा लागतो. 1856 साली इंग्लंडात पहिला कृत्रिम रंग निघाला व काही दशकांत असे स्वस्त रंग इराणात पोचले. त्यांपैकी आरंभीचे पुष्कळसे रंग उन्हाने उडत व पाण्याने फुटत. हा उपद्रव इतका वाढला की इराणी सरकारास त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. म्हणून जाणता ग्राहक गालिचा पाहताना प्रथम तो उलटा करतो. वरच्या बाजूस लवेचे वैभव असते. उलट्या बाजूस प्रत्येक गाठ उघडी असते, रंगाचे मूळ तेज असते, कोठे ठिगळ लावले असेल तर तेही दिसते. याचा अर्थ असा की, गालिच्याच्या बाबतीत सौंदर्याची परीक्षा आणि प्रामाणिकपणाची परीक्षा या दोन परीक्षा नाहीत. विणकराने कोणी पाहत नसता इमान राखले की नाही, हेच रसिक तेथे पाहत असतो.

हे मनात ठेवून मूळ प्रश्नाकडे येऊ. त्यास आजवर जी उत्तरे देण्यात आली त्यांत तीन मुख्य आहेत.

पहिले उत्तर असे की, कलाकृती एकदा निर्माण झाली म्हणजे ती आपल्या उत्पत्तीपासून मुक्त होते. चिखलातून आले म्हणून कमळास कोणी चिखलाचा हिशेब विचारीत नाही. हे मत दिसावयास उदार आहे. पण वर सांगितलेल्या परीक्षेपुढे ते टिकत नाही. जो ग्राहक गालिचा उलटून जुफ्ती गाठी शोधतो, तो वस्तूच्या उत्पत्तीचीच चौकशी करीत असतो. विणकराने लोकर चोरली काय, रंग खोटा वापरला काय, हे प्रश्न कलेच्या कक्षेत येतात. आणि विणकरास मजुरी मिळाली काय, त्याचे वय किती होते, हे प्रश्न मात्र कलेबाहेरचे, असे म्हणण्यास आधार कोणता? चौकशीचा दिवा एकाच दिशेस धरावा आणि आपल्या बाजूस अंधार ठेवावा, यास तटस्थ रसिकता म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर पहिल्याहून अधिक मोहक आहे. जॉन रस्किन या इंग्रज पंडिताने 1853 साली व्हेनिस नगरीच्या शिल्पाविषयी लिहिताना असा विचार मांडला की, कारागिराच्या मनाचा मोकळेपणा आणि आनंद त्याच्या कामात उमटतो. गुलामाच्या हातून निर्जीव सफाई निघेल, खरे सौंदर्य निघणार नाही. त्याचा अनुयायी विल्यम मॉरिस याने हे मत आयुष्यभर सांगितले. आणि 1893 साली अर्दबीलचा गालिचा 2,000 पौंडांस संग्रहालयासाठी घेण्यात आला तो याच मॉरिसच्या शिफारशीवरून. हे मत खरे असते तर फार बरे झाले असते. मग सुंदर वस्तू हीच तिच्या कारागिराच्या सुखाची पावती ठरली असती, आणि गालिच्याकडे पाहून मन प्रसन्न झाले की पुढे काही विचारण्याचे कारण उरले नसते.

दुर्दैवाने इतिहास याच्या उलट साक्ष देतो. दक्षिण इराणातील केरमान हे शहर बारीक विणीसाठी नावाजलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेत इराणी गालिच्यांस मागणी वाढली आणि केरमानचे माग रात्रंदिवस चालू लागले. तेथील मुलांच्या स्थितीचा बोभाटा झाला व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने त्यात लक्ष घातले. तेव्हा डिसेंबर 1923 मध्ये केरमानच्या सुभेदाराने एक हुकूम काढला. दिवसाचे काम 8 तासांहून अधिक नसावे. 8 वर्षांखालील मुलगा आणि 10 वर्षांखालील मुलगी कामावर घेऊ नये. शुक्रवारी सुटी द्यावी. माग तळघरात किंवा ओलसर जागेत ठेवू नयेत. कायदा ज्याची मनाई करतो ते त्यापूर्वी चालत असते; म्हणून हा हुकूम उलटा वाचावयास हवा. तसा वाचला म्हणजे, ताणा सुकून तुटू नये म्हणून ओलसर तळघरात, पाय दुमडून फळीवर बसलेली सात वर्षांची पोरे डोळ्यांपुढे येतात. अशा बसण्याने मुलींची हाडे वाकत व पुढे बाळंतपणात त्यांच्या जिवावर बेतत असे. तेथील मिशनरी डॉक्टरांनी हे लिहून ठेवले आहे. आणि त्या काळचे केरमानी गालिचे सुंदर आहेत. त्यांतील गुलाब कोमेजलेले नाहीत.

हिंदुस्थानातील एक उदाहरण घ्यावे, कारण इराणी वळणाच्या गालिच्यांची विद्या आपल्याकडेही मोगलांच्या काळापासून रुजली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत अनेक तुरुंगांत गालिचे विणले जात. विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात जो अवाढव्य एकसंध गालिचा आहे, तो व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला आणि तो 1894 साली पुरा झाला. पुण्याच्या येरवडा तुरुंगातील गालिच्यांचीही त्या काळी ख्याती होती, व विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांवरून तेथे नमुने उतरवून घेत. बेळगावी जन्मलेले जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 साली हिंदी कलाकौशल्यावर लिहिलेल्या ग्रंथात तुरुंगातील या कारखानदारीवर कडक टीका केली. तिच्या चढाओढीने पिढीजात विणकर बुडतात व कला हीन होते, असे त्यांचे म्हणणे होते. कलेची हानी काही ठिकाणी झालीही असेल. परंतु कैद्यांच्या हातून सुंदर गालिचे निघालेच नाहीत असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. सक्तीने बसविलेला हातही सुंदर गाठ घालू शकतो. सौंदर्य ही सुखाची पावती नव्हे, हे कडू सत्य आम्हांस पत्करले पाहिजे.

गालिच्याच्या बाजारात एक गोड दंतकथा ऐकू येते, तिचाही येथेच समाचार घ्यावा. पूर्णत्व हे केवळ परमेश्वराचे, म्हणून भाविक विणकर प्रत्येक गालिच्यात एक चूक मुद्दाम ठेवतो, असे सांगतात. अर्दबीलच्या दोन दिव्यांपैकी एक लहान व एक मोठा आहे, त्याचाही कोणी असाच अर्थ लावतात. कथा सुंदर आहे. पण कोट्यवधी गाठी घालणाऱ्या हाताला चूक मुद्दाम कशास करावी लागेल? ती आपोआपच होते. थकलेल्या डोळ्यांची चूक भक्तीच्या नावावर घातली की विकणाऱ्यास बरे पडते व घेणाऱ्याचे मन हळवे होते. रस्किनचे तत्त्व आणि ही दंतकथा यांची योग्यता एक नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांचे कार्य एकच आहे. दोहोंमुळे घेणाऱ्याच्या मनाचा काटा निघतो.

मग तिसरे उत्तर राहते, ते वैराग्याचे. ज्या वस्तूत कोणाचे दुःख विणले गेले असेल ती घेऊच नये. या उत्तरात तळमळ आहे, म्हणून त्याविषयी आम्हांस आदर वाटतो. पण ते पुरते पडत नाही. मागणी थांबली म्हणजे घाव कोठे बसतो हे अलीकडेच दिसून आले आहे. अमेरिकेने 2010 साली इराणी गालिच्यांची आयात बंद केली, 2016 च्या आरंभी ती खुली केली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बंद केली. ही बंदी राजकारणाची होती, विणकराच्या कळवळ्याची नव्हती. पण घाव कोठे बसतो ते तीवरून कळते. मोठा व्यापारी माल कोठारात ठेवून वाट पाहू शकतो, दुसरा धंदाही काढू शकतो. खेड्यातील जिचा एकच माग उभा आहे ती स्त्री काय करणार? शिवाय विणणाऱ्याचे सारे आयुष्य केवळ दुःख होते असे ठरवून टाकणे हाही त्याचा एक प्रकारचा अपमानच आहे. त्याने डोळे फोडून जे साधले ते आम्ही करुणेपोटी पाहणारही नाही म्हणावे, यात त्याचे श्रम दुसऱ्यांदा वाया जातात.

तिन्ही उत्तरे सोडली म्हणजे हाती काय राहते? आमच्या मते येथे आपल्या जुन्या शास्त्रकारांची ऋणकल्पना उपयोगी पडते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही ऋणे पैसे मोजून फिटत नाहीत, आणि ती आहेत म्हणून कोणी जगणेही सोडीत नाही. त्यांची जाणीव ठेवून वागावयाचे असते. सुंदर वस्तू घरी आणणारा मनुष्यही असाच एका ऋणात शिरतो. किंमत दिल्याने वस्तू त्याची होते. ऋण फिटत नाही. 2013 साली न्यूयॉर्क येथे एक जुना गालिचा लिलावात 3 कोटी 37 लाख डॉलरांस विकला गेला. विळ्याच्या आकाराच्या पानांचा तो गालिचा सतराव्या शतकातील असून बहुधा केरमानचाच असावा असे मानतात. जगातील कोणत्याही गालिच्यास तोपर्यंत इतके मोल आले नव्हते. पण ते मोल त्या गाठी घालणाऱ्यांच्या वंशजांपर्यंत पोचण्याची कोणतीही वाट जगात नाही.

तेव्हा हे ऋण मानणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे? आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जी कसोटी आपण विणकरास लावतो तीच आपणांस लावावी. विणकराच्या लबाडीस बाजारात नावे आहेत. जुफ्ती गाठ, कच्चा रंग, चोरटी दुरुस्ती. घेणाऱ्याच्या लबाडीस मात्र नाव नाही. दुकानदाराशी तासभर घासाघीस करून निम्म्या किमतीत गालिचा मिळविला, हे आमच्याकडे चारचौघांत अभिमानाने सांगण्याचे कर्तृत्व समजले जाते. पण जे निम्मे कमी झाले ते कोणाच्या वाट्यातून? दुकानदार आपला नफा सोडीत नाही, अडत्या आपली अडत सोडीत नाही. ती कपात उतरत उतरत अखेर मागावर बसलेल्या माणसापाशी येऊन थांबते, कारण त्याच्या खाली कोणी नसते. दोन धाग्यांचे काम चार धाग्यांवर भागविणारा विणकर आणि दोन दिवसांची मजुरी एका दिवसाच्या दामात मागणारा ग्राहक, हे दोघे एकाच जातीची गाठ घालतात.

बरे, चौकशी केल्याने काही होत नाही, हा बहाणाही चालण्यासारखा नाही. केरमानचा 1923 चा हुकूम निघाला तो परदेशात प्रश्न विचारले गेले म्हणून. आपल्याकडे भदोही-मिर्झापूरच्या बाजूस गालिच्याच्या मागांवर मुले राबतात ही गोष्ट कैलाश सत्यार्थी यांच्यासारख्यांनी वेशीवर टांगली, तेव्हा 1994 साली 'रगमार्क' ही खूण निघाली. बालमजुरांवाचून विणलेल्या गालिच्यास ती लावीत, आणि पुढे 2009 पासून ती 'गुडवीव्ह' या नावाने चालू लागली. कोवळ्या बोटांनीच बारीक गाठी पडतात, हे धंद्यातील जुने समर्थन. 1990 च्या दशकात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेसाठी हिंदुस्थानातील या धंद्याची पाहणी झाली, तीत ते टिकले नाही. उत्तम प्रतीची वीण प्रौढ हातही घालतात; मुलांचा गुण एवढाच की ती स्वस्त असतात. ज्यास कलेची गरज म्हणत होते ती हिशेबाची सोय निघाली, आणि हे उघडकीस आले ते कोणी तरी विचारले म्हणून.

ही सारी चौकशी रसिकतेवरील ओझे आहे, असे काही वाचकांस वाटेल. अंगणातील चांदण्यात बसावयाचे असता चंद्राचे अंतर मोजण्यासारखे हे आहे, असेही कोणी म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. गालिचा उलटून पाहणाऱ्यास तो कमी सुंदर दिसू लागतो असा अनुभव नाही. उलट वरच्या बाजूचे फूल कोठून आले हे त्यास तेव्हाच कळते. गाठी मोजणारी दृष्टी आणखी थोडी पुढे गेली, गाठीमागचे बोट, बोटामागचे वय व त्या दिवसाची मजुरी येथवर पोचली, तर ती रसिकतेची दृष्टी राहणार नाही असे नाही. ती पुरी होईल. असा गालिचा ज्याच्या घरी असेल त्याने तो जपावा, फाटल्यास जाणत्या हातून सांधून घ्यावा, पुढील पिढीस देताना त्याची किंमत सांगण्याआधी त्याच्या गाठी दाखवाव्या. नवा घेणाऱ्याने दर विचारण्यापूर्वी गाव विचारावे, व कोणी विणला हे विचारावे. उत्तर नेहमी मिळेलच असे नाही. परंतु जो प्रश्न दहा घरांतून विचारला जातो त्याचे उत्तर दुकानदारास अकराव्या वेळी शोधून ठेवावे लागते.

इराणी इतिहासकार तबरी याने एक वृत्तांत लिहून ठेवला आहे. सासानी राजांच्या महालात एक प्रचंड गालिचा होता. भर हिवाळ्यात राजास वसंताच्या बागेत बसल्याचे सुख मिळावे म्हणून त्यावर रत्ने व सोन्यारुप्याचे तार यांनी झाडे, फुले आणि पाट काढले होते. 637 साली अरबांनी ती राजधानी जिंकली. गालिचा मदिनेस नेण्यात आला व खलिफाच्या आज्ञेने तुकडे करून वाटण्यात आला. अली यांच्या वाट्यास आलेला तुकडा 20,000 दिरहमांस विकला गेला. त्या वृत्तांतात राजाचा वसंत आहे, खलिफाची वाटणी आहे, तुकड्याची किंमतही आहे. दुसऱ्याच्या हिवाळ्यात वसंत फुलविण्यासाठी ज्यांनी आपले ऋतू मागापुढे घालविले, त्यांचे मात्र एकही नाव नाही. तो गालिचा आता कोठेच उरलेला नाही, म्हणून तो उलटून पाहणे कोणासही शक्य नाही. जे गालिचे आज मागांवर चढलेले आहेत त्यांच्या बाबतीत मात्र ते अजून शक्य आहे.